रस्त्याकडेचे सहा गुंठे

दर वर्षी एक फेब्रुवारीला स्टाफरूममध्ये माझा भाव वधारतो. एरवी चहा आला तरी मला हाक मारायचं विसरणारे सहकारी त्या दिवशी खुर्ची पुढे ओढून देतात. "मॅडम, सांगा, आपल्याला काय मिळालं?" मी वरवंडला एका कॉलेजात अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे अर्थसंकल्प उलगडून सांगणं हे माझंच काम, असं सगळ्यांनी धरून ठेवलंय. इन्कम टॅक्सचं ऐकून झालं की बाकीच्यांचं लक्ष उडतं आणि मोबाइल बाहेर निघतात. मी मात्र आरोग्याच्या आकड्याची वाट बघत बसते. तो आला की मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून बघते आणि चिडते. चिडायचं आधीच ठरलेलं असतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर मी एक मोठी भाकरी काढते. ही देशाची भाकरी. त्यातून आरोग्यासाठी मोडलेला तुकडा इतका बारीक काढते की मागच्या बाकावरची पोरं मुद्दाम उठून उभी राहतात, "मॅडम, दिसत न्हाई!" म्हणतात आणि वर्ग हसतो. मग मी सुरू होते. रक्कम दर वर्षी वाढलेली दाखवतात, पण भाकरीही मोठी होते, महागाईही वाढते, आणि वाटा जवळपास तिथल्या तिथं राहतो. धोरणात आरोग्यासाठी देशाच्या उत्पन्नाचे अडीच टक्के लिहून ठेवलेत, ते लिहिलेलेच आहेत. आणि जो पैसा येतो त्याचा कल गावातल्या दवाखान्याकडून विम्याच्या कार्डाकडे चाललाय. उरलेलं आजारी माणसानं आपल्या खिशातून भरायचं. हे सगळं मी तळमळीनं सांगते. शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असतं, "किती खर्च झाला हे विचाराच, पण कुठं झाला हेही विचारायला शिका."

दिल्लीवर चिडायला मला मनापासून आवडतं. दिल्ली लांब आहे, ती उलटून बोलत नाही, आणि माझं घर कुठं आहे हे तिला माहीत नाही.

माझं घर शिरूर तालुक्यात, भीमेच्या अलीकडच्या काठाला, वडगाव रासाईच्या पुढं. माहेर दौंडचं. वडील रेल्वेत होते, त्यामुळे लहानपणी ताप आला की रेल्वेच्या दवाखान्यात जायचं, रांगेत बसायचं आणि बाटलीतलं गुलाबी औषध घेऊन यायचं, एवढंच मला माहीत होतं. औषधाला पैसे पडतात हे मला बऱ्याच उशिरा कळलं. सरकारच्या खर्चानंच मी वाढले. लग्न होऊन नदीच्या या बाजूला आले आणि आता रोज सकाळी गाडी घेऊन पूल ओलांडते, दौंड तालुक्यात जाते, शिकवते आणि दुपारपर्यंत परत येते.

आमच्या गावचं उपकेंद्र ओढ्यापलीकडं आहे. त्याच्या मागच्या खिडकीतून स्मशानभूमीची पत्र्याची शेड दिसते आणि तिच्यापुढं नदीवर दशक्रियेचा घाट. गावात कुणी गेलं की सरणाचा धूर वाऱ्याबरोबर थेट उपकेंद्रात. दहाव्याच्या सकाळी घाटावर प्रवचनाचा माइक चालू, पाहुणे कावळ्याची वाट बघत ताटकळलेले, आणि तीच उपकेंद्राची वेळ. जायची वाट दोन्ही बाजूंच्या उसातून. हल्ली त्या उसात बिबट्या असतो, म्हणून पुरुषसुद्धा तिकडं एकटे जात नाहीत.

ती जागा आमची. माझ्या सासऱ्यांनी, आबांनी, ती दिली. मी लग्न होऊन यायच्या आधीची ही गोष्ट, पण घरात ती इतक्यांदा सांगितली गेली की मीही तिथं चहा घेऊन उभी होते असं मला वाटतं. उपकेंद्र मंजूर झालं होतं, जागा हवी होती. पंचायत असो की सोसायटी, आबांच्या शब्दाबाहेर काही होत नव्हतं, तेव्हा सगळे त्यांच्याकडे बघू लागले. गावालगतची रस्त्याकडेची जमीन बारमाही पाण्याची, सोन्यासारखी. ओढ्यापलीकडचा तुकडा मात्र असा, की दुपारनंतर तिथं मजूर थांबत नसत. आबांनी तो तुकडा बक्षीस दिला. शाल मिळाली, श्रीफळ मिळालं, दारावर दगडाची पाटी लागली. तिच्यावर 'यांच्या उदार देणगीतून' असं कोरलंय.

आबा वाईट नव्हते. पाण्याची टंचाई असली की आमच्या विहिरीवर सगळ्या गावाच्या घागरी यायच्या, आणि कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही. पण आमच्याकडं सार्वजनिक कामाला जमीन द्यायची म्हणजे अशीच देतात. शाळा खडकाळ माळावर, पाण्याची टाकी मुरमाड उतारावर, दवाखाना मसणवट्याशेजारी. नांगर लागत नाही तिथलं दान करायचं. देणाऱ्यालाही त्यात काही वावगं वाटत नाही आणि घेणारा बोलत नाही.

आता उपकेंद्राची मुख्य माणसं कोण? गरोदर बाई आणि तान्हं मूल. दोन जिवांच्या बाईनं मसणवट्याकडं फिरकू नये, आणि तान्ह्या बाळाला तर तिकडचा वाराही लागू देऊ नये, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला माहीत. म्हणजे ज्यांच्यासाठी इमारत बांधली, नेमकी त्यांनाच तिथं जायला बंदी. आबांना हे माहीत नसेल असं मी म्हणू शकत नाही. त्यांच्या स्वतःच्या सुनेला, म्हणजे मला, दिवस गेले तेव्हा सासूबाईंनी ओढ्याच्या बाजूची खिडकीसुद्धा उघडू दिली नव्हती. माझी बाळंतपणं दौंडला खासगी दवाखान्यात झाली.

गंमत अशी की सरकारनं या इमारतीकडं दुर्लक्ष केलं असं मला म्हणताच येत नाही. मी वर्गात जे सांगते ते सगळं तिच्या भिंतींवर वाचता येतं. एका योजनेत बाळंतपणाचं टेबल आलं. त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. एका योजनेत फरशी बदलली. एकदा छतावर सौरपॅनेल आलं. मग वारा फिरला, उपकेंद्राचं नाव बदललं, नवा रंग लागला, भिंतीवर योगासनांची चित्रं आली आणि लांबच्या डॉक्टरांशी बोलायला एक कॉम्प्युटर आला. पैसा येत राहिला आणि आमच्या तुकड्यावर साठत राहिला. बाई काही आली नाही.

आमच्या नर्स सिस्टर गेली कित्येक वर्षं इथंच आहेत. त्यांनी यावर तोडगा काढला. दर मंगळवारी दुपारी त्या बीपीचं मशीन, वजनकाटा आणि लसीचा डबा घेऊन आमच्या घरी येतात. घर रस्त्यावर, ओसरी लांबलचक, ओसरीत दिवाण. सिस्टर मधे एक चादर बांधतात आणि आडोशाला दिवाणावर बायकांची पोटं तपासतात. लस टोचलेली बाळं रडतात. मी तोवर कॉलेजातून आलेली असते, चहा ठेवते. बायका जाताना मला हात जोडून म्हणतात, "वैनी, तुमच्या वसरीचा लई आधार हाय बगा."

हे मला सहन होत नाही. पहिल्या पहिल्यांदा होत होतं, खोटं कशाला बोलू. तेव्हा बरंसुद्धा वाटायचं. हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की आमच्याच घरानं यांचा दवाखाना मसणात नेऊन ठेवला आणि त्याची भरपाई म्हणून आठवड्यातून दोन तास दिवाण दिला, त्याचे हे आभार आहेत. यांना हे कळत नाही असं नाही. चांगलं कळतं. पण आजवर एकानंही तोंडावर म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर मी भांडले असते आणि बरी झाले असते.

त्या बायकांत आमच्या फुलमळ्यातल्या काकू असायच्या. आमच्या शेजारी त्यांचा शेवंती-झेंडूचा मळा आहे. त्यांची सून मागच्या वर्षी पहिलटकरीण होती. पहाटे फुलं तोडायची, क्रेट भरायचे आणि दुपारी पाय ओढत आमच्या ओसरीत यायची. कमी बोलायची. दिवाणावर बसताना साडीचा मातीचा काठ आत दुमडून घ्यायची, माझी चादर मळू नये म्हणून. काकूंची धाकटी मुलगी तेव्हा माझ्याच वर्गात अकरावीला होती. तिसऱ्या बाकावर बसायची, मी बोलेन ते सगळं वहीत उतरवून घ्यायची.

मागच्या फेब्रुवारीत, भाकरी काढून झाली त्याच आठवड्यात, सरपंच आणि सिस्टर आमच्याकडे आले. उपकेंद्राच्या भिंतीला तडे गेले होते आणि पाहणीवाल्यांनी जुन्या जागेवर पुन्हा बांधायला नकार दिला होता. नवीन इमारतीला केंद्राचा निधी मंजूर झाला होता. चार खोल्या, रक्त-लघवी तपासायची सोय, बाळंतपणाची खोली, आणि सिस्टरला तिथंच राहायला जागा. अट एकच. जागा वस्तीलगत पाहिजे, रस्त्याला पाहिजे आणि मार्चअखेर पंचायतीच्या नावावर झालेली पाहिजे. नाहीतर पैसा दुसऱ्या गावाला वळणार.

वस्तीलगत, रस्त्याला असलेली मोकळी जागा गावात एकच. आमच्या घरासमोरचे सहा गुंठे. वाटपात ते माझ्या नवऱ्याकडे आले आणि त्यानं ते माझ्या नावावर करून दिले. हे गावात सगळ्यांना माहीत. तरी सरपंच माझ्याकडे न बघता नवऱ्याशी पिकापाण्याचं बोलत राहिले. कांद्याचा भाव झाला, बिबट्या झाला, पोराचं लग्न झालं. उठता उठता कप खाली ठेवत म्हणाले, "दादा, जागेचं तेवढं बगा जमलं तर. जोर न्हाई आपला."

नवरा म्हणाला, "बघू."

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मीही म्हणाले, "बघू आम्ही."

ते गेल्यावर मी नवऱ्याकडे वळले ती भांडायच्या तयारीनंच. तो म्हणाला, "जागा तुझ्या नावावर आहे. द्यायची तर दे. मी आडवा येणार नाही." झालं. माझ्या हातातलं भांडण त्यानं काढून घेतलं. मला वाटलं होतं की तो नाही म्हणेल, मी आठ दिवस घरात अबोला धरेन आणि शेवटी माझं काही चाललं नाही म्हणून मोकळी होईन. बाईला हे सोयीचं असतं. त्यानं ती सोय ठेवली नाही.

आणि त्या जागेचं आमचं ठरलेलं होतं. तिथं गाळे काढायचे होते. दौंडचे एक डॉक्टर त्यातला पहिला गाळा क्लिनिकसाठी घ्यायला तयार होते, दुसऱ्यात औषधाचं दुकान. मी नव्या पेन्शनच्या काळात नोकरीला लागलेली. माझ्या म्हातारपणाला ते भाडं धरलेलं होतं. वर्गात मी आजारी माणसाच्या खिशातून जाणाऱ्या पैशाबद्दल घसा कोरडा करत होते, आणि तो खिसा जिथं उघडणार ती जागा माझी होती. हे मला तेव्हाही दिसत होतं. दिसत होतं म्हणून मी आणखी मोठ्यानं शिकवत होते.

शिमग्यापर्यंत माझं ठरलं. जागा द्यायची. हे ठरलं त्या दिवशी मला इतकं हलकं वाटलं की पुरणपोळीवर मी दोनदा तूप वाढून घेतलं. नवऱ्याला सांगितलं. त्यानं मान हलवली आणि गाळ्यांचा नकाशा घडी करून कपाटात ठेवला.

इथवर सगळं ठीक होतं. मग मी वाट बघायला लागले. ते पुन्हा विचारायला कधी येतात, याची वाट.

का? पंचायत आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. चप्पल घालून जायचं आणि सांगायचं, एवढंच काम. पण मला वाटत होतं की त्यांनी यावं. ओसरीत बसावं, अवघडावं, पुन्हा विषय काढावा, आणि मग मी हो म्हणावं. माझं वाक्यसुद्धा तयार होतं. "जागा घ्या, पण नावाची पाटी लावू नका." हे मी मनात घोळवून घोळवून गुळगुळीत केलं होतं. एकदा भाजी निवडताना मोठ्यानं म्हणूनही बघितलं. आबांनी पाटी लावून घेतली, मी पाटी नाकारणार होते. त्यासाठी समोर माणसं बसलेली हवी होती.

मंगळवारी सिस्टर यायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत. मी चहा द्यायची आणि त्यांच्या तोंडाकडे बघायची. त्या चादर बांधायच्या, बीपी बघायच्या, निघून जायच्या. फुलमळ्यातली सून आली की सिस्टर जरा जास्त वेळ थांबायच्या. तिच्या पायांवर बोट दाबून बघायच्या. मला मनातल्या मनात राग यायचा. एवढी गरज आहे तर विचारा की बाई! असा माझा राग होता, आणि तो मला अगदी खरा वाटत होता. वर्गात तेव्हा परीक्षा चालू होत्या, पेपर तपासायचे होते, दिवस कसे गेले कळलं नाही.

मार्च संपून एप्रिल लागला. एका मंगळवारी सून दिवाणावर आडवी होती, काकू पायाशी बसल्या होत्या, सिस्टर तिच्या दंडाला पट्टा गुंडाळत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हणाले, "सिस्टर, मी जागा द्यायची ठरवलीय हं. सरपंचांना सांगा."

सिस्टरनी पट्टा नीट केला, मशीन चालू केलं आणि आकड्यावर नजर ठेवली. मग म्हणाल्या, "मॅडम, ते कवाच गेलं. मार्च संपायच्या आधीच पंचायतीनं जागा न्हाई म्हणून लिहून दिलं. दुसऱ्या गावाला गेलं ते."

"अहो पण मग मला परत विचारायचं ना!"

उत्तर काकूंनी दिलं. अगदी समजुतीच्या सुरात. "असं कसं वैनी? मोठ्या घराला एकदा इचारायचं. तुमी बघू म्हणला. फिरून यायचं म्हंजी तुमाला पेचात धरल्यावानी व्हतं. बरं दिसतंय व्हय ते?"

मी चहाचा ट्रे खाली ठेवला. त्यांनी माझा मान राखला होता. आबांचा राखला होता तसाच. मी वाट बघत बसले आणि ते माझा मान राखत बसले, आणि त्या दोन्हींच्या मधून दवाखाना निघून गेला. मला इतकी शरम वाटली की डोळ्यांत पाणी आलं. आणि काकूंना वाटलं, जागा देता आली नाही म्हणून मी हळहळतेय. "तुमी द्यायला निगाला व्हता, त्येच लई झालं," त्या म्हणाल्या. "सगळे म्हंतील, आबांची सून शोभती."

मशीनवरचा आकडा वाढलेला होता. सिस्टरनी सुनेला मीठ कमी करायला सांगितलं, दर दोन दिवसांनी बीपी बघितलं पाहिजे म्हणाल्या आणि लघवी तपासायला दौंडला जायला सांगितलं. फुलांचा हंगाम होता, लग्नसराई होती. दौंडला जाणं आज-उद्यावर गेलं. सिस्टर जमेल तेव्हा मळ्यात जाऊन बघून यायच्या, पण त्यांच्याकडं तीन गावं होती.

मे महिन्यात एका दुपारी काकूंची मुलगी धावत आली. वहिनीचं डोकं फुटल्यासारखं दुखतंय आणि डोळ्यांपुढं अंधारी येतेय. नवऱ्यानं गाडी काढली. मी मागं बसले आणि सुनेचं डोकं मांडीवर घेतलं. तिचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. पूल ओलांडताना तिनं डोळे उघडले आणि पुटपुटली, "वैनी, शीट खराब हुईल तुमची." तिच्या अंगावरची साडी फुलं तोडतानाची होती, काठाला चिखल होता. मी तिचा काठ माझ्या मुठीत धरून ठेवला.

दौंडला जो पहिला मोठा दवाखाना लागला तिथं नेलं. काकूंकडं सरकारी विम्याचं कार्ड होतं, ते तिथं चालत नव्हतं आणि दुसरीकडं न्यायला वेळ नव्हता. ऑपरेशन झालं. मुलगी झाली, ओंजळीएवढी. ती बरेच दिवस काचेच्या पेटीत होती. दोघी वाचल्या. काकूंच्या गळ्यातली बोरमाळ मात्र त्यानंतर मला कधी दिसली नाही.

नवीन इमारत त्या दोन महिन्यांत उभी राहिली नसती, हे मला कळतं. मी स्वतःला ते पुष्कळदा सांगून बघितलं. हिशेबानं ते बरोबरच आहे. पण त्या सुनेनंतर दुसरी आहे, दुसरीनंतर तिसरी आहे, आणि मंगळवार दर आठवड्याला येतोच.

सुनेला घरी आणलं त्या दिवशी काकू शेवंतीची परडी घेऊन आल्या. पिवळीधमक, टपोरी, बाजारात पहिला भाव येईल अशी फुलं. "आबांच्या फोटूला हार करा," म्हणाल्या. "आन् वैनी, तुमची गाडी व्हती म्हणून जीव वाचला. न्हाईतर काय व्हतं आमचं?" त्या वाकायला लागल्या. मी त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले, पण बोलायचं ते बोलले नाही. हार मीच ओवला. फोटोला घालायला स्टुलावर चढले तेव्हा आबा समोर आले, फेटा बांधलेले, शांत. मला त्यांच्यावर रागवायचं होतं. मला रागावता येईना. आम्ही आता एकाच बाजूला उभे होतो.

पावसाळ्यानंतर गाळे झाले. नवऱ्यानं विचारलं होतं, "आता काय करायचं? जागा तशीच ठेवायची का?" मी म्हणू शकले असते की ठेवा, पुढच्या वर्षी पुन्हा मागणी करता येईल, मी स्वतः पंचायतीत जाते. मी म्हणाले, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा." त्यानं कपाटातून नकाशा काढला. दिवाळीला डॉक्टरांच्या क्लिनिकचं उद्घाटन झालं, नारळ माझ्या हस्ते फुटला. काकूंची नात आता बाळसं धरतेय, पण तिला सारखी सर्दी होते. लसीला तिला आमच्या ओसरीत आणतात आणि सर्दीला समोरच्या गाळ्यात. दोन्हीकडं मीच आहे. काकूंच्या सुनेला रांगेत बसलेलं बघितलं की मी आत निघून जाते.

आणि पुन्हा फेब्रुवारी आला. स्टाफरूममध्ये खुर्ची पुढं आली, मी बसले, आरोग्याचा आकडा आला आणि मला चिडता आलं नाही. एक सहकारी बातमी वाचून दाखवत होते, काही योजनांचा मागच्या वर्षीचा निधी पूर्ण खर्चच झाला नाही म्हणून. "बघा मॅडम, सरकारला आरोग्याची पर्वाच नाही," ते म्हणाले. मी चहा प्यायले.

बारावीचे उजळणीचे तास चालू होते. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर भाकरी काढली, पण तुकडा काढून झाल्यावर खडू खाली ठेवला. माझं ठरलेलं वाक्य मी त्या दिवशी म्हटलं नाही. एका पोरानं हात वर केला. "मॅडम, पेपरात अखर्चित निधी असं आलंय. अखर्चित म्हंजी काय?"

"पैसे आले, पण वापरले गेले नाहीत."

"गरज हाय तर मग वापरले का न्हाईत?"

तिसऱ्या बाकावर काकूंची मुलगी पेन उघडून बसली होती, माझं उत्तर उतरवून घ्यायला. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत काही नव्हतं, फक्त मी काय सांगते याची वाट होती.

"बरीच कारणं असतात," मी म्हणाले. "कधी कधी जागा मिळत नाही."

तिनं मान खाली घातली आणि ते वहीत लिहून घेतलं.